जन्मखूण की जखम? जुन्या नाण्यांची पारख



कपाशीची पाने लाल पडली की आपण म्हणतो, लाल्या आला. पण पान लाल होण्याची कारणे अनेक आहेत. कुठे जमिनीत मॅग्नेशियम कमी असते, कुठे तुडतुड्यांनी रस शोषलेला असतो, कुठे रात्रीची थंडी एकाएकी वाढलेली असते. एकच पान तोडून आणले तर त्यावरून नक्की कारण सांगता येत नाही. चार झाडे पाहावी लागतात, शेत पाहावे लागते. ही गोष्ट मी बांधावर उभा राहून अनेकांना सांगत आलो आहे.

आज पीक थोडे बाजूला ठेवून जुन्या नाण्यांविषयी लिहितो. नाण्यांचा छंद मला जुना आहे. पण छंद म्हणून हा लेख लिहीत नाही. नाण्याची पारख हेही एक निदानच आहे, आणि ते चुकल्यामुळे ऐन पेरणीच्या तोंडावर बियाण्याचा पैसा जाताना मी पाहिला आहे.

देऊळघाटची गोष्ट

देऊळघाट हे बुलढाण्याजवळचे, पैनगंगेच्या काठचे गाव. मृगाच्या आधी तेथे सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते. कार्यक्रम आटोपला, मंडळी पांगली, तरी एक शेतकरी थांबून राहिला. जवळ येऊन त्याने खिशातून कागदाची पुडी काढली.

‘‘साहेब, हे नाणं पाहा बरं. सालाखाली खूणच नाही. फोनवरचा माणूस म्हणते, हे चुकीचं छापलेलं आहे, लाखाच्या वर किंमत आहे.’’

‘‘मग घेतो म्हणतो का तो?’’

‘‘घेतो म्हणते. दीड हजार नोंदणीचे मागितले, ते पाठवले. आता टॅक्सचे आठ हजार पाठवा म्हणते, मग घरी येऊन रोख पैसे देतो.’’

ते आठ हजार कोठून आणणार, असे मी विचारले. तो काही बोलला नाही. शेजारी उभी असलेली त्याची आई म्हणाली, ‘‘बियाण्याचे ठेवले आहेत ना, त्यातलेच.’’

पुडीत भारताचा नकाशा असलेले दोन रुपयांचे जुने नाणे होते. मी भिंगाखाली पाहिले. सालाखाली खरोखरच खूण नव्हती, आणि ती नसणारच होती. कारण ते नाणे कोलकात्याच्या टांकसाळीचे होते, आणि कोलकात्याची टांकसाळ आपली खूण टाकतच नाही! अशी नाणी कोट्यवधी निघाली आहेत. त्याची किंमत दोन रुपये.

खुणा ओळखा

आपल्या देशात सरकारी टांकसाळी चार आहेत: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. नाणे कोणत्या टांकसाळीत पडले हे कळावे म्हणून सालाच्या खाली बारीक खूण असते. पत्त्यातल्या चौकटसारखा आकार असेल तर नाणे मुंबईचे. पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबादचे. बारीक गोल ठिपका असेल तर नोएडाचे. आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. एवढे चार ओळींचे कोष्टक पाठ केले तरी निम्मी फसवणूक टळते.

याशिवाय थोडे अपवाद ध्यानात ठेवावेत. १९५० आणि १९६० च्या दशकांतील हैदराबादच्या काही नाण्यांवर मधोमध दुभंगलेली चौकट किंवा पोटात ठिपका असलेली चौकट दिसते. ही तुटलेली खूण नव्हे, तीच त्या काळची खरी खूण आहे. संग्राहकांसाठी काढलेल्या खास चकचकीत संचांवर मुंबईने आधी ‘बी’ आणि पुढे ‘एम’ हे इंग्रजी अक्षर वापरले. सरकारने काही वेळा परदेशी टांकसाळींतूनही नाणी पाडून आणली. १९८५ च्या काही रुपयांवर ‘एच’ हे अक्षर आहे, ते इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मेक्सिको, दक्षिण कोरिया, स्लोव्हाकिया येथूनही नाणी आली. मेक्सिकोची खूण ‘एम’ अक्षरावर बारीक ‘ओ’ अशी आहे. अनोळखी अक्षर दिसले म्हणजे चूक झाली, असे समजू नये.

उलटही घडते. हैदराबादच्या चांदणीची टोके हाताळून झिजली की उरतो तो गोल ठिपका, आणि माणूस म्हणतो हे नोएडाचे. चौकट एका बाजूने घासली गेली की ती वेगळीच आकृती दिसते. म्हणून खूण पाहण्याआधी नाणे किती झिजले आहे ते पाहावे. साल, सिंह आणि अक्षरे गुळगुळीत झालेली असतील तर खूण तरी शाबूत कशी राहील?

पेढ्याचा साचा आठवा

टांकसाळीत नाणे कसे पडते हे समजले की पारख सोपी होते. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात. त्या तापवून मऊ करतात, कड दाबून किनार उचलतात, आणि मग दोन पोलादी साच्यांमध्ये चकती ठेवून प्रचंड दाब देतात. एका साच्यावर छापा, दुसऱ्यावर काटा. साच्यात जे खोल कोरलेले असते ते नाण्यावर उंच उठते.

हे आपल्या माय-भगिनींना वेगळे सांगायला नको. पेढ्याचा किंवा मोदकाचा साचा घ्या. साच्याच्या आत एखादी चीर गेली तर खवा त्या चिरेत शिरतो आणि प्रत्येक पेढ्यावर बारीक उंच रेघ उठते. साच्याच्या नक्षीत आधीचा खवा अडकून बसला तर त्या जागची नक्षी पेढ्यावर उमटतच नाही. पेढा नीट मध्यावर ठेवला नाही तर नक्षी एका बाजूला जाते. या झाल्या साच्याच्या आणि दाबण्याच्या चुका. पण पेढा तयार झाल्यावर पोराने त्यात बोट खुपसले, तर ती साच्याची चूक नव्हे.

नाण्याचेही तसेच आहे. टांकसाळीतून बाहेर पडण्यापूर्वी जे घडले ती जन्मखूण. बाहेर पडल्यावर जे घडले ती जखम. जन्मखुणेला संग्राहक काही किंमत देतात. जखमेने किंमत वाढत नाही, असलेली कमी होते.

घरच्या घरी सहा कसोट्या

यासाठी एक भिंग, सराफाकडचा किंवा किराणा दुकानातला बारीक वजनकाटा, लोहचुंबक, आणि त्याच साली त्याच टांकसाळीत पडलेले दुसरे चांगले नाणे एवढे पुरते.

१. उंच की खोल? साच्याला तडा गेला तर नाण्यावर उंच रेघ उठते. साच्याचा टवका उडाला तर नाण्यावर उंच गाठ येते. खिळा, किल्ली, दगड यांचा ओरखडा मात्र नेहमी खोल असतो. बोटाच्या नखाने पाहिले तरी कळते. ओरखड्याच्या दोन्ही कडांना, नांगराच्या तासाच्या बाजूला माती उचलली जाते तशी, धातूची बारीक वरंब उठलेली दिसते. ती दिसली की समजावे, ही जखम आहे. टांकसाळीच्या खुणेजवळ असा एक टोचा बसला की खूण वेगळी दिसते, आणि बहुतेक फसवणूक येथेच होते.

२. नाहीशी झालेली खूण. साच्याच्या कोरीव भागात वंगण आणि धातूचा चुरा भरून बसला तर खूण पुसट येते किंवा येतच नाही. ही खरी चूक आहे. पण खूण नसलेले आपले नाणे कोलकात्याच्या नाण्यासारखेच दिसते, त्यामुळे केवळ खूण नाही एवढ्यावरून चूक सिद्ध होत नाही. कोणी खूण कानशीने घासून काढली असेल तर त्या जागी बारीक समांतर रेघा आणि किंचित खळगा दिसतो. आसपासच्या धातूपेक्षा तेथला रंगही उजळ असतो.

३. कापलेली कड. चकत्या कापताना पट्टी नीट सरकली नाही तर एखादी चकती चंद्रकोरीसारखी खाल्लेली निघते. अशा खऱ्या नाण्यावर कापलेल्या जागेच्या अगदी समोरच्या बाजूची किनार बोथट किंवा पुसट असते, कारण किनार उचलताना तेथे पुरेसा दाब मिळालेला नसतो. शिवाय कापलेल्या जागेजवळची अक्षरे हळूहळू पसरत जातात. छिन्नीने किंवा कात्रीने नंतर तुकडा काढला असेल तर अक्षर मधोमध सपकन तुटलेले दिसते आणि समोरची किनार ठणठणीत असते.

४. उलटी छाप. कधी नाणे साच्याला चिकटून राहते आणि पुढच्या चकतीवर त्याचीच उलटी, खोलगट छाप उठते. असे नाणे खरे असेल तर त्याची दुसरी बाजू स्वच्छ आणि ठसठशीत असते. दोन नाणी एकावर एक ठेवून लोहाराच्या शिकंजात आवळली तरी उलटी अक्षरे उमटतात. पण मग दुसरी बाजू चेपलेली असते आणि मूळ अक्षरे खाली दबलेली दिसतात.

५. दुहेरी अक्षरे. दाबताना साचा किंचित हलला की अक्षराच्या बाजूला सपाट पायरीसारखी दुसरी कड दिसते. हे फार नाण्यांवर आढळते आणि त्याला मोल नाही. साचा तयार करतानाच अक्षर दोनदा उमटले असेल तर दोन्ही अक्षरे गोलसर, पूर्ण उंचीची आणि टोकाशी दुभंगलेली दिसतात. असे नाणे विरळा.

६. वजन आणि चुंबक. नकाशाचे दोन रुपयांचे नाणे ६ ग्रॅमचे आणि तांबे-निकेलच्या मिश्रणाचे आहे. ते चुंबकाला चिकटत नाही. आम्लात बुडवलेले नाणे पातळ होते, अक्षरे बारीक होतात, किनारही झिजते, आणि वजन घटते. ‘फार पातळ चकतीवर छापलेले दुर्मिळ नाणे’ म्हणून असली नाणी विकली जातात. उलट १९४७ चा निकेलचा रुपया आणि पुढची स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, त्यात नवल काही नाही.

मलकापूरला रेल्वेच्या रुळावर पैसा ठेवून चपटा करण्याचा खेळ ज्यांनी लहानपणी केला असेल त्यांना वेगळे सांगायला नको, की पसरट नाणे म्हणजे टांकसाळीची चूक नव्हे!

राणीछाप, शिवराई आणि हाताची छाप

आपल्या घरांतून देव्हाऱ्यात, लक्ष्मीपूजनाच्या ताटात अजून राणीछाप रुपये निघतात. त्यांच्या बाबतीत काही गोष्टी सांगतो. १८६२ साल असलेला रुपया प्रत्यक्षात १८७४ पर्यंत पाडला जात होता; साल तेच ठेवून मुंबईच्या टांकसाळीने बारीक ठिपक्यांनी फरक दाखवला. ते ठिपके म्हणजे डाग नव्हेत. १८७७ नंतरच्या मुंबईच्या रुपयांवर ‘बी’ अक्षर कधी उंच तर कधी खोलगट असते, आणि दोन्ही खरे. वर सांगितलेल्या ‘उंच की खोल’ या कसोटीला हा अपवाद आहे. मात्र खोलगट खऱ्या अक्षराच्या कडा नेटक्या असतात, बाजूला वरंब नसते.

१९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया ‘डुकराचा रुपया’ म्हणून प्रसिद्ध झाला. राजाच्या झग्यावरील हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि १९१२ पासून चित्र बदलले. यात टांकसाळीत छापताना काही चुकले नव्हते, चित्र काढतानाच गफलत झाली होती. सहाव्या जॉर्जच्या रुपयावर ‘एल’ अक्षर असेल तर ते लाहोरचे. १९४३ पासून तेथे नाणी पडू लागली.

शिवराईचा प्रकार अगदी निराळा. तांब्याचा तुकडा खालच्या ठशावर ठेवायचा, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोड्याचा घाव घालायचा, अशी ती नाणी पडत. ठसा बहुधा तुकड्यापेक्षा मोठा असे, म्हणून एका बाजूचे ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूचे ‘छत्रपति’ हे पूर्ण क्वचितच मिळते. अक्षरांची लिहिण्याची पद्धतही ठशागणिक बदलते. मोगलांची टांकसाळ आपल्या वऱ्हाडातच एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला होती; त्या रुपयांवरही टांकसाळीचे नाव पुष्कळदा अर्धवटच उमटलेले असते. हाताने पाडलेल्या नाण्यावर छाप सरकलेली असणे हा दोष नाही, तीच रीत होती. अशा नाण्याचे मोल पूर्ण अक्षरांवरून ठरते, तुटक्या अक्षरांवरून नव्हे.

घरच्या घरी होणारे नुकसान

चांगले नाणे आपणच बिघडवतो. चिंच लावून, राखेने किंवा रांगोळीने घासले की वर्षानुवर्षांचा रंग जातो आणि त्याबरोबर किंमतही जाते. माळेत ओवण्यासाठी डाख देऊन कडी लावलेला रुपया, भोक पाडलेला पैसा, वखराच्या पासेने चिरा पडलेले तांबे, या सर्व जखमाच होत. जुने नाणे स्वच्छ करावयाचे नाही. साध्या पाण्यात भिजवून माती सुटेल तेवढी सोडवावी आणि मऊ कपड्यावर वाळवावे, बस्स.

चांदीच्या रुपयाबद्दल एक हिशेब लक्षात ठेवा. १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि त्यात साडेदहा ग्रॅमपेक्षा थोडी अधिक शुद्ध चांदी आहे. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. खामगावसारख्या चांदीच्या पेठेत नाणे नेताना एवढे माहीत असले म्हणजे निदान चांदीच्या भावाखाली ते जाणार नाही. पण आटवण्यापूर्वी जाणकाराला दाखवा.

शेतात नाणी सापडली तर

नांगरताना किंवा विहीर खणताना नाण्यांचे मडके लागले तर ते लपवू नका. १८७८ च्या भारतीय निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे जमिनीत पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. लपवले तर शिक्षा होऊ शकते आणि सापडणाऱ्याचा हक्कही जातो. कळवले, आणि धनाचा दुसरा मालक निघाला नाही, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश असा वाटा कायद्यात सांगितला आहे. सरकारने ते धन स्वतःकडे घेतले तर त्याचा मोबदला मिळतो. तेव्हा सरळ मार्गच फायद्याचा.

कोणाला दाखवावे, कोणाला नाही

नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यावर अंजनेरी येथे १९८० पासून नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि नाण्यांचे संग्रहालय आहे. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, आपण ज्याला अजब बंगला म्हणतो, तेही आहे. मुलांच्या सहलीत ही ठिकाणे धरली तर खरी नाणी डोळ्यांखालून जातील, आणि डोळा तयार होण्यास तेवढेच लागते.

फोनवरच्या गिऱ्हाइकाबद्दल मात्र एकच सांगणे. जो विकत घेणार आहे तो पैसे देतो, मागत नाही. नोंदणी, टॅक्स, दलाली, रिझर्व्ह बँकेची परवानगी, असे नाव काहीही असो, आधी पैसे मागितले की तो लुबाडणारा समजावा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले आहे की जुनी नाणी-नोटा विकण्याच्या व्यवहारात ती पडत नाही, त्यासाठी कोणतेही शुल्क घेत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. वैष्णोदेवीचे चित्र असलेले २०१२ चे पाच किंवा दहा रुपयांचे नाणे लाखाला जाते, ही अशीच अफवा आहे. ते साधे चलनी नाणे आहे. पैसे गेलेच असतील तर लाजू नका, विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे अडकवून ठेवण्याची आशा जास्त.

देऊळघाटच्या त्या शेतकऱ्याने माझ्यासमोरच १९३० ला फोन लावला. दीड हजार परत मिळाले नाहीत. पण आठ हजार वाचले आणि त्यांची बियाण्याची पिशवी वेळेवर घरी आली. पुढच्या भेटीला त्याच्या आईने जुन्या नाण्यांचा डबाच माझ्यापुढे उपडा केला. आम्ही तिघांनी बसून भिंगाखाली एकेक नाणे पाहिले. बहुतेकांवर जखमाच होत्या. एका जुन्या पंचवीस पैशांवर मात्र कडेपासून आकड्यापर्यंत बारीक उंच रेघ होती. साच्याला गेलेला खरा तडा! चलनातून पंचवीस पैसे ३० जून २०११ लाच गेले, आणि संग्राहक त्याला फार तर थोडेसे रुपये देईल. म्हातारीने ते पुसले आणि नातीच्या हातावर ठेवले.

‘‘विकू नको बाई,’’ ती म्हणाली, ‘‘दाखवायला ठेव.’’

बंधू-भगिनींनो, घरचे सोयाबीन पेरण्यापूर्वी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहतो. सत्तर उगवले तर पेरतो, नाही तर नाही. कोणाच्या शब्दावर पेरत नाही. नाण्याच्या बाबतीतही तोच नियम धरावा. भिंग घ्या, जोडीला दुसरे नाणे ठेवा, उंच की खोल ते पाहा, आणि मगच पुढचे बोला. खिशातला बियाण्याचा पैसा तेवढा वेळ खिशातच राहू द्या.